ऑर्गनचा ठोका आणि माझी बोटं

माझ्या हाताला काही झालेलं नाही, हे आधीच सांगून ठेवते. वसाहतीत अजूनही दोन-चार जण माझ्याशी बोलताना आधी माझ्या बोटांकडे बघतात आणि मग तोंडाकडे, म्हणून हे लिहायला बसले. मी शाळेत फार गेलेली नाही. जेवढी गेले तेवढ्यात अक्षरं ओळखायला आणि मास्तरांना उलट उत्तर द्यायला शिकले, आणि त्या दोन्हींवर आजवर माझं भागलं आहे. शुद्धलेखनाच्या चुका सुनेने काढाव्यात. तिला आवड आहे.

आमच्या वसाहतीच्या हॉलमध्ये रोज सकाळी ज्येष्ठांचा व्यायाम चालतो. ज्येष्ठ म्हणजे म्हातारे, पण तसं पाटीवर लिहिलं तर कोण येईल? व्यायाम घ्यायला एक बाई येतात. पूर्वी कुठल्याशा शाळेत कवायत शिकवायच्या, त्यामुळे शिट्टी गळ्यात आणि कणा छताला टांगल्यासारखा. त्या हात वर म्हणतात, खाली म्हणतात, वळा म्हणतात, आणि त्या सगळ्याला सूर देते मी. पायाने भाता मारायचा जुना ऑर्गन होता आमच्याकडे. दम्याच्या माणसासारखा गायचा, पण कधी रजा घेतली नाही. शेवटी त्याचा भाता असा फाटला की शिवणाऱ्याने हात जोडले, आणि समितीने नवा ऑर्गन घ्यायचं ठरवलं.

समिती म्हणजे सेक्रेटरी. बाकीचे चहाला असतात. हे सेक्रेटरी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसातून निवृत्त झालेले, त्यामुळे कुठलीही गोष्ट थेंब थेंब सोडायची सवय. माझ्याहून दोनच वर्षांनी लहान असून मला काकू म्हणतात. मी ते चालवून घेते, कारण वयाचा विषय मी काढला तर तोच पुढे चालेल.

नवीन आला तो विजेवरचा. दुकानदाराने सांगितलं की पूर्वीच्या मोठ्या ऑर्गनमध्ये लोखंडी चाकं फिरायची आणि त्यातून सूर निघायचा. या नव्यात चाकं नाहीत, पण चाकं असल्याचा आवाज तो हुबेहूब काढतो. डोक्यात चाकं नसताना ती फिरत असल्याचा आव आणणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत, म्हणून मला त्यात नवल वाटलं नाही. समोर नऊ दांड्या, ड्रॉवरसारख्या पुढे ओढायच्या. जेवढी ओढाल तेवढा तो सूर भरतो. आणि उजव्या हाताला चार बटणं, त्यांच्यावर लिहिलं होतं ‘पर्कशन’. ते बटण लावलं की सूर निघताना आधी लाकडावर काठी मारावी तसा टक आवाज येतो आणि मग सूर चालू होतो. या टकसाठीच ऑर्गन घेतला गेला. व्यायामाच्या बाईंची जुनी तक्रार होती की माझा सूर कुठे सुरू होतो ते म्हाताऱ्यांना कळत नाही, मग एकाचा हात वर तर दुसऱ्याचा खाली. सेक्रेटरींनी सभेत छाती पुढे काढून सांगितलं की आता ठोकाही मिळेल आणि सूरही. टाळ्या पडल्या. त्या मीही वाजवल्या, याचं मला आजही वाईट वाटतं.

पहिल्या दिवशी हॉल भरला. सगळे रांगेत उभे. मी बैठकीवर बसले, डावा हात खालच्या सुरांवर, उजवा वरच्या, आणि हात टेकले. टक. काय सांगू, सुंदर. सगळ्यांचे हात एका झटक्यात वर. बाईंच्या चेहऱ्यावर कधी नव्हे ते हसू. मी दुसऱ्या सुरावर गेले. टक नाही. तिसऱ्यावर गेले. नाही. सूर मात्र छान वाहत होता, आणि समोर तीन रांगा हात वर करून उभ्या, जणू कोणी दरोडा घातला आहे. मला वाटलं आता खाली येतील, त्यांना वाटलं आता टक येईल. माझी शेजारीण, जिला सगळे गुडघेबाई म्हणतात कारण ती दुसरं काही बोलत नाही, तिने वर बघत विचारलं, हात घरी कधी न्यायचे?

मी थांबले, दोन्ही हात उचलले, पुन्हा टेकले. टक. पुढे वाजवलं. पुन्हा गप्प. म्हणजे यंत्र एकदा बोलायचं आणि मग रुसायचं.

सेक्रेटरींनी त्याच दिवशी निर्णय दिला. त्यांच्या भाच्याने त्यांना एक स्पीकरचा डबा भेट दिला आहे, त्यात व्यायामाची गाणी भरलेली आहेत, ठोक्यासकट, आणि आकडेही तोच म्हणतो. सोमवारपर्यंत ऑर्गनचा ठोका नीट लागला तर ठीक. नाहीतर ऑर्गन कोठीच्या खोलीत, आणि माझ्या बैठकीवर डबा. हे त्यांनी इतक्या गोड आवाजात सांगितलं की मला आधी वाटलं माझा सत्कार करतायत. म्हणाले, काकूंनी पुष्कळ केलं, आता काकूंनी समोर रांगेत यावं, हातपाय हलवावेत.

रांगेत. मी. ज्या बाईच्या सुरावर या वसाहतीतले निम्मे खांदे सुटले तिने आता डब्याचे आकडे ऐकून कंबर वाकवायची. मी काही बोलले नाही. म्हणजे बोलले, पण ते लिहिण्यासारखं नाही.

संध्याकाळी सुनेला घेऊन हॉलमध्ये गेले. ती मोठ्या ऑफिसात काम करते आणि कुठलीही वस्तू आली की आधी तिचं पुस्तक वाचते. माणसांचंही पुस्तक येत असतं तर आमचं दोघींचं अजून बरं जमलं असतं. ती एकेक बटण वाचून दाखवायची आणि मी वाजवायची. पहिलं बटण चालू-बंदचं. दुसरं टक हळू की जोरात याचं. तिसरं टक आखूड की लांब. लांब केलं की टकचा टंऽऽ होतो, कुणीतरी पितळी भांडं पाडल्यासारखा. चौथं टकचा सूर निवडायचं, त्यावर दुसरा आणि तिसरा असं लिहिलेलं. दुसऱ्यावर टक म्हणजे चमच्याने कप वाजवावा तसा, तिसऱ्यावर काचेची बाटली. आम्ही सगळे मेळ लावून पाहिले. चमचा हळू, चमचा जोरात, बाटली लांब, बाटली आखूड. प्रत्येक वेळी पहिल्या सुराला टक, आणि पुढे जणू मी तिथे नाहीच.

त्यात आणखी एक लफडं निघालं. पर्कशन लावलं की शेवटची दांडी मुकी व्हायची. ओढा, ढकला, काही फरक नाही. सुनेने तेही टिपून घेतलं आणि म्हणाली, आता दोन बिघाड झाले, बरं झालं, दोन असले की लोक तक्रार मनावर घेतात. मग तिने एक मेळ नक्की करून ठेवला आणि आम्ही घरी आलो. सकाळी जाऊन पाहते तर सगळं पहिल्यासारखं, कारण पहारेकरी रोज जाताना हॉलचं मुख्य बटण बंद करतो, आणि यंत्राला रात्री काय शिकवलं ते सकाळी आठवत नाही. आमच्या घरातल्या पुरुषांसारखं. ते लक्षात ठेवायला लावायचं म्हणजे एक बटण दाबून धरायचं, दिवा लुकलुकेपर्यंत. हे पुस्तकात फार मागे होतं, जिथे सूनसुद्धा तोवर पोचली नव्हती.

खालच्या मजल्यावर एक इंजिनियर राहतात. ते पूल बांधायचे. पूल बांधणाऱ्या माणसाला ऑर्गनमधलं काय कळणार असं मी म्हणणार नाही, कारण त्यांना सगळ्यातलंच कळतं. त्यांनी ऑर्गनला चारही बाजूंनी चक्कर मारली, एका बोटाने एक पट्टी दाबली, टक, दुसरी दाबली, टक, तिसरी, टक. मग माझ्याकडे पाहिलं. मी बसले आणि वाजवलं. टक, आणि पुढे नुसता सूर. त्यांनी पुन्हा दाबल्या. टक, टक, टक. ते म्हणाले, यंत्र उत्तम आहे. आणि मग अशा नजरेने पाहू लागले जणू मी पूल आहे आणि मधूनच खचले आहे.

त्यांचं म्हणणं असं पडलं की काहींच्या अंगात वीज जास्त असते. मला ते ऐकून आधी बरंच वाटलं. पण त्यावर उपाय म्हणजे रबरी चपला घालून बसायचं, बैठकीखाली लाकडी फळी घालायची आणि बोटातली अंगठी काढायची. अंगठी निघेना. साबण लावून, दोरा गुंडाळून, शेवटी गुडघेबाईने माझा हात दोन्ही गुडघ्यांत धरून अंगठी ओढली, तेव्हा निघाली आणि कपाटाखाली गेली. कपाट हलवायला इंजिनियर वाकले, ते तसेच वाकलेले राहिले. त्यांना दोघांनी धरून घरी पोचवलं. मी रबरी चपला घालून, फळीवर बसून, अंगठीशिवाय वाजवलं. टक, आणि पुढे जैसे थे. फक्त बैठक उंच झाल्याने आता माझे गुडघे ऑर्गनला खाली लागत होते.

मग दुरुस्ती केंद्र. तिथे फोन केला तर एका मुलीने विचारलं, बिल कोणाच्या नावाने आहे. म्हटलं, समितीच्या. मग समितीने तक्रार केली पाहिजे. म्हटलं, वाजवते मी, बिघडतं माझ्याकडे, समितीचा काय संबंध. ती म्हणाली, समितीचा शिक्का आणा. शिक्का सेक्रेटरींच्या कपाटात. कपाटाची किल्ली सेक्रेटरींच्या खिशात. आणि सेक्रेटरी म्हणाले, मी स्वतःच येतो, काकूंना एकटीला तिथलं बोलणं झेपणार नाही. मला बोलणं झेपणार नाही, हे या माणसाने कुठल्या आधारावर म्हटलं कोण जाणे.

गाडी इंजिनियरांची, पण कमरेमुळे चालवायला माझा मुलगा. सेक्रेटरी पुढे, शिक्का मांडीवर. मागे मी आणि ऑर्गन, आणि ऑर्गन लांब असल्याने त्याचं एक टोक खिडकीतून बाहेर आणि दुसरं माझ्या मांडीवर. सिग्नलला थांबलो की शेजारच्या गाड्यांमधले लोक त्या बाहेर आलेल्या पट्ट्यांकडे बघायचे आणि मग आत माझ्याकडे. मी सगळ्यांकडे उलट बघितलं. एकानेही नजर टिकवली नाही.

केंद्रात पहिल्या खिडकीवर सांगितलं की हे वाद्य आहे, ती खिडकी घरगुती वस्तूंची आहे. वाद्यांच्या खिडकीवर सांगितलं की की-बोर्ड असेल तर इथे, ऑर्गन असेल तर कुठे ते विचारून सांगतो. मी म्हटलं, त्याला काय हवं ते म्हणा, आडनाव बदललं तरी आजार तोच राहील. तिथल्या माणसाने कॉम्प्युटरवर विचारलं, बिघाड सतत आहे की अधूनमधून. म्हटलं, एकदा बोलतो आणि मग रुसतो. त्याने कॉम्प्युटरमध्ये शोधलं, पण रुसण्याला तिथे जागा नव्हती. ‘अधूनमधून’ वर टिचकी मारली.

मग कारागीर आला. त्याने ऑर्गन टेबलावर ठेवला, वायर लावली आणि तर्जनीने, दाराची घंटी दाबतात तसं, एकेक पट्टी दाबत गेला. टक. टक. टक. टक. डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. सेक्रेटरी प्रत्येक टकला माझ्याकडे मान वळवत होते. मी म्हटलं, सरका. उभ्यानेच वाजवलं, दोन्ही हातांनी, जसं वाजवायचं असतं तसं. एक टक. पुढे सूर, फक्त सूर. कारागिराने मान हलवली, पुन्हा दाबलं, टक, टक. असं तीनदा झालं. शेवटी त्याने शेवटच्या दांडीसाठी कंपनीच्या मोठ्या ऑफिसात फोन लावला, आणि तिथून उत्तर आलं की तो बिघाड नाही. चाकांच्या जुन्या ऑर्गनमध्ये टक लावला की ती दांडी मुकी व्हायची, म्हणून नव्यातही ती मुद्दाम मुकी ठेवली आहे. म्हणजे सासऱ्यांची खोड नवऱ्यात उतरते तसं. फरक एवढाच की नवऱ्याच्या बाबतीत ती खोड वेगळे पैसे घेऊन विकत नाहीत. टकबद्दल मात्र त्याने विचारलंच नाही, कारण टक त्याच्या बोटाला येत होता. त्याने लिहून दिलं, यंत्र ठीक. सेक्रेटरींनी त्यावर शिक्का मारला. कोणी मागितला नव्हता, पण आणला होता ना.

निघताना कळलं की तो टीव्ही दुरुस्त करणारा, ऑर्गन त्याच्या टेबलावर पहिल्यांदाच आला होता. तोवर व्हायचं ते झालं होतं. यंत्र ठीक, म्हणजे कोण ठीक नाही? संध्याकाळपर्यंत वसाहतीत माझ्या बोटांचा आजार पसरला. गुडघेबाई कसलंसं तेल घेऊन आली. एकीच्या चुलत नणंदेला असंच झालं होतं, आधी बोटं, मग दुसरं काय काय. इंजिनियरांनी पलंगावरून निरोप पाठवला की विजेचा मुद्दा त्यांनी सोडलेला नाही. हे सगळं मी उडवून लावलं. पण सून आली, माझ्याजवळ बसली, आणि हळू आवाजात म्हणाली, ‘आई, एकदा डॉक्टरांना दाखवू या का बोटं?’

तिने कुत्सितपणे विचारलं असतं तर मला चाललं असतं. तिने मायेने विचारलं. ते फार लागलं.

गेले. डॉक्टरांनी स्वतःची दोन बोटं पुढे केली आणि जोर लावून दाबायला सांगितलं. दाबली. त्यांनी लगेच सोडायला सांगितलं, मग थोडा वेळ हात झटकत बसले आणि म्हणाले, घरी जा. त्यांनी याचा कागद द्यावा असं मी म्हटलं, हॉलच्या फळ्यावर लावायला, तर हसले.

ऑर्गन आता आमच्याकडेच बाहेरच्या खोलीत होता, कारण केंद्रातून आणला तेव्हा हॉल बंद होता. दुपारी हे आरामखुर्चीत पडले होते. हे म्हणजे माझा नवरा; सगळ्या प्रकरणात एक अक्षर बोलला नाही तो. मी त्यांना त्या कारागिराची तक्रार सांगत होते. म्हटलं, पट्टीला हात कसा लावायचा हेसुद्धा ज्याला माहीत नाही तो मला शिकवणार. हा असा वाजवत होता बघा. आणि त्याची नक्कल करायला ऑर्गन लावला, तर्जनी अशी काठीसारखी ताठ केली आणि पट्ट्या टोचायला लागले. टक. टक. टक. टक.

मी थांबले. हे खुर्चीत उठून बसले.

पुन्हा टोचलं. टक, टक. मग माझ्या पद्धतीने वाजवलं. टक, आणि गप्प. मग उजवा हात उचलून टोचला, पण डावा खालच्या सुरावर तसाच ठेवून. गप्प. दोन्ही उचलून टोचलं. टक.

आता हे कळायला माझी आत्या कळायला हवी. मला ऑर्गन आत्याने शिकवला, भात्याचा, आणि तिची एकच शिस्त होती. पुढचं बोट टेकल्याशिवाय मागचं उचलायचं नाही. भात्याच्या ऑर्गनला मधे फट पडली की सूर तुटून धापा टाकतो, म्हणून. मी फट टाकली की आत्या फूटपट्टीने बोटावर मारायची. त्यामुळे मी वाजवते तेव्हा कुठलं ना कुठलं बोट दाबलेलं असतंच, पहिल्या सुरापासून शेवटच्यापर्यंत. आणि या नव्या शहाण्याचं म्हणणं असं, की आधी सगळी बोटं उचला, यंत्राला पूर्ण मोकळं करा, मग जो सूर दाबाल त्याला टक देईन. एक जरी बोट खाली असलं तरी त्याच्या मते जुनंच गाणं चालू आहे. साऱ्या वसाहतीत टक कोणाला येत नव्हता? ज्या एका बाईला वाजवता येत होतं तिला. बाकी सगळे घंटी दाबणारे, त्यांना येत होता.

हे म्हणाले, ‘मग बोटं उचल की.’

एवढ्या दिवसांत एक वाक्य बोलले, तेही हे. मी म्हटलं, झोपा.

उचल की! म्हणजे मी घंटी दाबायची. सुरागणिक हात वर, हात खाली, कोंबडीने दाणे टिपावेत तसं. सेक्रेटरींना, कारागिराला, पूलवाल्यांना खूश करायला आत्याचे फटके वाया घालवायचे. मी चहा केला, एकटीसाठी, आणि तो पीत बराच वेळ त्या चार बटणांकडे बघत बसले. सुरागणिक टक हवा कोणाला होता? मला नको. गाण्यालाही नको. टक हवा होता म्हाताऱ्यांच्या हातांना, आणि हात काही सुरागणिक हलत नाहीत. हात वर गेला की तो वर राहायला हवा, ताणला जायला हवा, आणि मग खाली. तेव्हा सूर माझा वाहील, आत्याच्या शिस्तीने, एक फट न पडता. आणि ज्या क्षणी मला हात हलायला हवेत त्याच क्षणी मी दोन्ही हात उचलीन, पापणी लवते तेवढाच वेळ, आणि टेकीन. टक कधी यायचा ते यंत्र ठरवणार नाही, डबा ठरवणार नाही, मी ठरवणार.

मग बटणं माझी मी लावली. चमच्याचा टक मागच्या रांगेला पोचत नव्हता, म्हणून बाटलीचा, म्हणजे तिसरा. आखूड, कारण लांब टंऽऽ ऐकला की लोक हात अर्ध्यात आणून विचार करायला लागतात. आणि जोरात. जोरात केलं की बाकीचा सूर दबतो, हे पुस्तकात आहे की नाही मला माहीत नाही, माझ्या कानात आहे. म्हणून पहिल्या दांड्या थोड्या जास्त ओढल्या. शेवटी ते लक्षात ठेवायचं बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरलं. ह्यांना समोर उभं केलं बनियनवर, हात वर-खाली करायला. फार वेळ हात वर ठेवला की ह्यांना उभ्याउभ्या झोप लागते, हा एक नवाच शोध लागला. शेजारून इस्त्रीचे कपडे द्यायला आलेल्या माणसाने दारातून ते दृश्य पाहिलं, गठ्ठा उंबऱ्यावर ठेवला आणि न बोलता गेला.

कोणाला काही सांगितलं नाही. सुनेलाही नाही. ती रोज माझ्या बोटांकडे बघून उसासा टाकायची. मी टाकू दिला.

सोमवारी मुलाने ऑर्गन परत हॉलमध्ये नेऊन ठेवला. हॉल पहिल्या दिवसापेक्षा जास्त भरला होता. सेक्रेटरींनी सांगितलं की आधी डबा, मग काकू, आणि निवाडा ते स्वतः रांगेत उभं राहून देतील. डबा चालू झाला. आत कोणी तरणाताठा आकडे म्हणत होता, जोरजोरात, ठोक्यावर ठोका. दोन मिनिटं सगळे त्याच्याबरोबर होते. मग गुडघेबाई एक आकडा मागे पडली. डब्याला काय त्याचं. तो पुढे गेला. ती दोन आकडे मागे पडली, मग तिने हिशेब सोडून दिला आणि जे हवं ते करायला लागली. मागच्या रांगेत एकाने डावीकडे वळताना उजवीकडे वळणाऱ्याला कोपर मारलं. व्यायामाच्या बाई शिट्टी वाजवत होत्या, पण डबा शिट्टी ऐकत नाही. संपला तेव्हा निम्मे खुर्च्यांवर होते आणि सेक्रेटरी दम लपवत होते. म्हणाले, सवय नाही म्हणून. आता काकू.

मी बसले. फळी नाही, साध्याच चपला. हात टेकले. टक, आणि हात वर. सगळ्यांची तोंडं पडली, कारण पुढचं सगळ्यांना माहीत होतं. मी सूर धरला आणि पुढे नेत राहिले, आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून मागची रांग बघत राहिले. गुडघेबाईचा हात सर्वात शेवटी पोचला. पोचला तशी मी दोन्ही हात उचलून टेकले. टक. सगळे हात एकदम खाली. हॉलमध्ये असा आवाज झाला, जसा मोठं पुस्तक मिटल्यावर होतो. पुन्हा टक, वर. जिथे कोणी रेंगाळला तिथे मी सूर लांबवला, जिथे सगळे वेळेत होते तिथे लवकर सोडला. बाईंनी शिट्टी तोंडातून काढली. सून दाराशी उभी होती, ती माझ्या बोटांकडे बघत होती. या वेळी उसासा नव्हता.

आता सेक्रेटरींचा डावा खांदा आखडलेला आहे. ते सगळ्या वसाहतीला माहीत आहे, कारण तेच सांगतात. त्यांचा डावा हात कानापर्यंत येतो आणि तिथे सभा संपल्यासारखा थांबतो. डब्याने ते पाहिलंही नव्हतं. मी पाहिलं. टक दिला, सगळ्यांचे हात वर गेले, त्यांचा कानापाशी. आणि मी सूर धरला.

मी खोटं बोलणार नाही, त्यात माया नव्हती. मला त्या माणसाला उभं ठेवायचं होतं. सगळा हॉल हात वर करून थांबलेला, आणि वाट बघतायत ती त्यांची. सूर चालू. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. हात कानावरून दोन बोटं वर सरकला. चेहरा लाल झाला. मागून कोणी तरी हळूच म्हणालं, अजून थोडा. सरकला. ‘सोडा आता,’ सेक्रेटरी दातांतून म्हणाले.

‘कोपर वाकलंय,’ मी म्हटलं.

कोपर सरळ झालं. हात पूर्ण वर गेला, छताकडे. मला वाटतं त्या हाताने बऱ्याच वर्षांत छत पाहिलं नव्हतं. मग मी बोटं उचलली. टक. सगळे हात खाली, आणि सगळ्या हॉलने एकदम श्वास सोडला.

सेक्रेटरी जागच्या जागी खांदा गोल फिरवून बघत राहिले. एकदा पुढून, एकदा मागून. डॉक्टरांना जे जमलं नाही ते झालं आहे, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि ते माझ्यामुळे झालं आहे, हे त्यांना आवडलेलं नाही, तेही दिसत होतं. सगळे त्यांच्याकडे बघत होते. त्यांनी भाच्याचा डबा उचलला, वायर गुंडाळली आणि ठराव वाचतात त्या आवाजात म्हणाले, ‘ठीक आहे. बसा काकू, तुम्हीच बसा.’

‘मी बसलेलीच आहे,’ मी म्हटलं. ‘उठलं कोण होतं?’

आणि मान वळवायचा सूर धरला.